लेन्सवरचे फिल्टर: काय घ्यायचं, कसं वापरायचं आणि काय दुकानातच सोडायचं

पाडव्याला किंवा दिवाळीत नवा कॅमेरा घेतला की दुकानदार बॅग आणि मेमरी कार्डाबरोबर फिल्टरचा एक संचही पुढे सरकवतो. यूव्ही, पोलरायझर, एक निळा, एक नारिंगी, एखादा स्टार. दुकान एम. जी. रोडवरचं असो की ऑनलाइन, त्या संचातले निम्मे फिल्टर पुढे कपाटातच पडून राहतात. कारण घेताना एक प्रश्न विचारलेला नसतो: हे काम नंतर कॉम्प्युटरवर होतं का? होत असेल तर काचेत पैसे घालू नका. होत नसेल तर मात्र स्वस्तातलं घेऊ नका, बरं घ्या.

आधी माप

लेन्सच्या पुढच्या कडेवर किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला तिरकी रेघ मारलेल्या शून्याची खूण असते आणि तिच्यापुढे एक आकडा: 49, 52, 55, 58, 67, 77. हा फिल्टरच्या आट्यांचा व्यास, मिलिमीटरमध्ये. गोंधळ होतो तो लेन्सवरच्या दुसऱ्या आकड्यांमुळे. 18-55 वाचून माणूस 55 चा फिल्टर घेऊन येतो आणि तो बसत नाही. 18-55 ही फोकल लेंथ. तिचा आट्यांशी काही संबंध नाही. किट लेन्सचं माप कंपनीप्रमाणे 52, 55 किंवा 58 निघतं.

दोन-तीन लेन्स असतील तर सगळ्यात मोठ्या मापाचा एकच चांगला फिल्टर घ्या आणि लहान लेन्ससाठी स्टेप-अप रिंग, म्हणजे लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी, वापरा. उलटं, म्हणजे मोठ्या लेन्सवर लहान फिल्टर लावला, तर फोटोचे कोपरे काळे येतात. रिंग लावल्यावर बहुतेक वेळा लेन्सहूड बसत नाही, आणि पावसाळ्यात ही अडचण चांगलीच जाणवते.

फिल्टर चढवताना लेन्सचं तोंड वर करा. फिल्टर अलगद टेकवून आधी उलट्या दिशेने हळूहळू फिरवा. बारीकसा ‘टक्’ लागला की आटे जुळले. आता सरळ दिशेने फिरवा. बोटांच्या टोकांनी जेवढा बसेल तेवढाच बसवायचा.

यूव्ही

फिल्मच्या काळात उंचावर काढलेल्या फोटोंना निळसर झाक यायची, त्यावरचा हा उपाय. डिजिटल सेन्सरपुढे मुळातच अतिनील किरण अडवणारी काच असते, त्यामुळे आज यूव्ही म्हणजे लेन्सपुढची राखणदार काच, एवढंच. ती रोज लावून फिरावं असं मला वाटत नाही. रात्री दिवे समोर असले की या सपाट काचेवरून प्रतिबिंब उलटतं आणि आभाळात हिरवट ठिपके उमटतात. पण रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडीच्या, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदाच्या, काठावर उभं राहणार असाल तर यूव्हीशिवाय जाऊ नका. एकाने धप्पा मारला, म्हणजे आत उडी घेतली, की रंगाचं पाणी काठावरच्या सगळ्यांवर येतं, आणि तो रंग अंगावरूनसुद्धा लवकर जात नाही.

पोलरायझर: पहिला फिल्टर हाच

एकच फिल्टर घ्यायचा असेल तर हा घ्या. पानांवरची, पाण्यावरची, काचेवरची चकाकी तो मुळातच लेन्समध्ये येऊ देत नाही. फोटोत पाण्यावर पांढरी चकाकी आली की तिच्याखालचा दगड नोंदलाच गेलेला नसतो. मग कुठलंही सॉफ्टवेअर तो परत कुठून आणणार?

दुकानात ‘सीपीएल’ मागा, म्हणजे सर्क्युलर पोलरायझर. जुना लिनियर प्रकार आरसा असलेल्या डीएसएलआरमध्ये ऑटोफोकस आणि मीटरिंगला गोंधळात टाकतो. फिल्टर खरा आहे का, हे काउंटरवरच पाहता येतं. दुकानदाराचा कॅल्क्युलेटर मागा. फिल्टरची पुढची बाजू कॅल्क्युलेटरकडे करून त्यातून आकडे बघत फिल्टर गोल फिरवा. एका जागी कॅल्क्युलेटरची पट्टी पूर्ण काळी पडली पाहिजे. पडली नाही तर हातात नुसती करडी काच आहे. सर्क्युलर आहे की लिनियर, तेही कळतं: आट्यांची बाजू आरशाकडे करून त्यातून आरशातल्या त्याच फिल्टरकडे बघा. सर्क्युलर असेल तर आरशातला फिल्टर काळा दिसतो. उलटा धरला की पुन्हा पारदर्शक.

आता वापर. या फिल्टरला दोन कड्या असतात; आतली लेन्सला घट्ट बसते, बाहेरची फिरत राहते. डोळा व्ह्यूफाइंडरला किंवा स्क्रीनला लावून बाहेरची कडी सावकाश फिरवायची आणि हवा तो परिणाम दिसला की थांबायचं. कॅमेरा आडव्याचा उभा केलात तर पुन्हा फिरवायची.

दिंडोरीकडच्या एखाद्या द्राक्षबागेत सकाळी नऊच्या उन्हात उभे राहा. वेलीच्या पानांवर आभाळाचा पांढुरका तुकडा चमकत असतो आणि फोटोत पानं फिकट येतात. कडी फिरवत जा. ती चमक पानापानावरून उतरते आणि खालचा हिरवा रंग, शिरांसकट, वर येतो. घडांकडे मात्र बघा. मण्यांवरची पांढरी लव तशीच राहते, कारण ती चकाकी नाही, सालीवरचा मेणाचा थर आहे. ती राहिलेलीच बरी. लव गेलेलं द्राक्ष शिळं दिसतं.

आकाशासाठी सूर्याशी काटकोन लागतो. हाताची बंदूक करा, तर्जनी सूर्यावर रोखा आणि मनगट फिरवा. अंगठा जिकडे जिकडे जाईल तिथलं आकाश सर्वांत गडद होईल. सकाळ-संध्याकाळी ही पट्टी उत्तर-दक्षिण असते. सूर्य समोर किंवा पाठीशी असला तर कडी कितीही फिरवा, आकाशात फरक पडत नाही. आणि 18 मिमीच्या रुंद लेन्सवर तर आकाशाचा एकच भाग गर्द निळा आणि बाकीचं फिकं येतं. अंजनेरीच्या पठारावरून रुंद दृश्य काढताना हा डाग हटकून येतो. तिथे परिणाम निम्म्यावर ठेवा, नाहीतर फिल्टर काढून टाका.

पाण्याचा तळ हवा असेल तर पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण 35 ते 40 अंशांच्या कोनातून बघा. सरळ वरून किंवा अगदी खालून बघितलं तर फिल्टरचा जोर कमी पडतो.

धातूवर याचं काही चालत नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यांची चमक, येवल्याच्या पैठणीची जर, यांच्यावरून परतणारा प्रकाश धातूवरून येतो आणि त्याला पोलरायझर रोखू शकत नाही. तिथे दिव्याची जागा बदला, किंवा दिव्यापुढे पांढरं कापड धरा.

या सगळ्याची किंमत म्हणजे दीड ते दोन स्टॉप प्रकाश. एक स्टॉप गेला म्हणजे प्रकाश निम्मा झाला. म्हणून नांदूरमधमेश्वरला पक्ष्यांसाठी जाताना पोलरायझर बॅगेतच असू द्या. पहाटेच्या उजेडात उडत्या बदकासाठी शटर 1/1000 सेकंदापेक्षाही वेगवान लागतं; तिथे दोन स्टॉप देणं परवडत नाही.

एनडी: वेळ लांबवणारी काच

न्यूट्रल डेन्सिटी म्हणजे रंग न बदलता फक्त प्रकाश कमी करणारी करडी काच. आकडा भागाकाराचा आहे. एनडी 8 म्हणजे आठवा हिस्सा प्रकाश, 3 स्टॉप. एनडी 64 म्हणजे 6 स्टॉप. एनडी 1000 म्हणजे जवळपास 10. काही कंपन्या घनता लिहितात, तेव्हा 0.3 म्हणजे एक स्टॉप: 0.9, 1.8 आणि 3.0 हे वरचेच तीन. नवख्याने एनडी 64 पासून सुरुवात करावी. दोन पोलरायझर एकमेकांवर बसवलेला, फिरवून कमी-जास्त करायचा व्हेरिएबल एनडी व्हिडिओसाठी सोयीचा आहे, पण तो शेवटापर्यंत फिरवला की फोटोवर काळी फुली उमटते.

पावसाळ्यात सोमेश्वरचा धबधबा सरावाला उत्तम. पाणी वाढलेलं असताना खडकांवर उतरायचं नाही, वरूनच काढायचा. क्रम असा:

1. ट्रायपॉड लावा, चौकट ठरवा. लेन्स किंवा कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन बंद करा.
2. आयएसओ 100, ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र) एफ 11. फिल्टर न लावता फोकस करा आणि मग फोकस मॅन्युअलवर टाका. काळ्या काचेतून कॅमेऱ्याला फोकस सापडत नाही.
3. फिल्टर न लावता एक फोटो काढून शटर किती सेकंद उघडं राहिलं ते नोंदवा. ढगाळ दुपारी ते 1/60 च्या आसपास येईल.
4. गुणाकार करा. 1/60 ला 64 ने गुणलं की साधारण 1 सेकंद. एनडी 1000 असेल तर 16 सेकंद.
5. फोकसच्या कडीला धक्का न लावता फिल्टर चढवा. डीएसएलआर असेल तर व्ह्यूफाइंडर झाका. मागून शिरलेला उजेडही एवढ्या वेळात फोटोवर येतो.
6. दोन सेकंदांचा सेल्फ टाइमर लावून शटर दाबा. 30 सेकंदांच्या पुढे जायचं तर रिमोट आणि बल्ब मोड, म्हणजे बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं ठेवणारी सोय.
7. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, बघा, लागेल तेवढा वेळ कमी-जास्त करा.

स्वस्त एनडीची काच तपकिरी किंवा हिरवट झाक देते. त्यासाठी व्हाइट बॅलन्स (पांढरं ते पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्यात करायची रंगांची जुळणी) फिल्टर चढवल्यानंतर घ्या, आधी नाही.

किती लांब एक्सपोजर द्यायचं हा प्रश्न पाणी बघून सोडवायचा. बारीक धारेला एक-दोन सेकंद छान दिसतात. गोदावरीला पूर आला, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपर्यंत पाणी चढलं की निम्मं नाशिक ते बघायला जातं. त्या पाण्याला मात्र 16 सेकंद दिलेत तर गढूळ लोंढ्याचा सपाट तपकिरी पत्रा होतो. भोवरे नाहीत, मारुतीच्या मूर्तीला बसणारा धक्का नाही. तिथे 1/8 ते 1/2 सेकंद पुरे. पाण्याच्या रेषा दिसतात आणि ते किती वेगाने चाललंय तेही. पुलावरून काढत असाल तर मोठी गाडी गेल्यावर कठडा थरथरतो, ती गेल्यावर थोडं थांबूनच शटर दाबा.

गर्दीच्या दिवशी रामकुंडावर एनडी 1000 चा वेगळाच उपयोग होतो. 20-30 सेकंदांत चालती माणसं धूसर होऊन जवळजवळ नाहीशी होतात आणि पायऱ्या, देवळं, स्थिर बसलेला एखादा गुरुजी तेवढा शिल्लक राहतो. घाटावर अंघोळ करणाऱ्यांचे ओळखू येतील असे फोटो न काढण्याचाही हा एक मार्ग आहे. तो मला पटतो.

रंग दुरुस्त करणारे फिल्टर

संचातल्या निळ्या आणि नारिंगी काचा इथल्या. फिल्म एका ठरावीक प्रकाशासाठी बनवलेली असायची. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; आकडा लहान तितका उजेड पिवळा, मोठा तितका निळसर. 5,500 केल्विनच्या दिवसाच्या फिल्मवर 3,200 केल्विनच्या पिवळ्या बल्बखाली फोटो काढला की सगळं नारिंगी यायचं. त्यावर निळा 80ए लावत. उलट, स्टुडिओच्या दिव्यांसाठीची फिल्म बाहेर उन्हात वापरायची तर नारिंगी 85बी. 81ए किंचित ऊब द्यायला, 82ए किंचित थंड करायला, एफएल-डी ट्यूबलाइटचा हिरवेपणा मारायला. 80ए पूर्ण दोन स्टॉप प्रकाश खायचा. हे सगळं काम आता कॅमेऱ्यातला व्हाइट बॅलन्स एकही स्टॉप न घेता करतो, म्हणून फिल्मवर काम करत नसाल तर या काचा घेऊ नका.

त्याऐवजी एक ग्रे कार्ड, म्हणजे रंगाची झाक नसलेला करडा पुठ्ठा, घ्या. ज्या उजेडात फोटो काढायचा तिथेच ते धरून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या. कागदाचा पांढरा ताव चालतो असं म्हणतात, पण त्यात उजळपणासाठी घातलेल्या रसायनांमुळे निळसर झाक असते. केल्विन हाताने लावत असाल तर एवढं लक्षात ठेवा की कॅमेऱ्यातला आकडा वाढवला की फोटो पिवळट होतो, कमी केला की निळसर. फोटो रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढले तर हे सगळं घरी येऊनही बदलता येतं.

जे कशानेच दुरुस्त होत नाही ते म्हणजे जुने पिवळे सोडियमचे रस्त्यावरचे दिवे. त्यांच्या उजेडात बरेचसे रंग मुळी नसतातच. नसलेला रंग ना काच आणू शकते, ना सॉफ्टवेअर.

मिश्र उजेडात मात्र रंगीत फिल्टर अजूनही कामाचा आहे. तो लेन्सवर नाही, फ्लॅशवर लावायचा. त्रिपुरी पौर्णिमेला गोदावरीवर दिवा सोडणाऱ्या मावशींचा फोटो घ्या. पणतीचा उजेड साधारण 1,900 केल्विन, फ्लॅश 5,500. नुसता फ्लॅश टाकला तर चेहरा निळसर-पांढरा आणि मागचे दिवे भगवे, आणि एकच व्हाइट बॅलन्स दोघांना सांभाळू शकत नाही. फ्लॅशच्या तोंडावर फुल सीटीओ नावाचा नारिंगी जेल, म्हणजे पारदर्शक रंगीत कागद, चिकटवा, म्हणजे त्याचा उजेड 3,000 च्या आसपास उतरतो. कॅमेरा 3,200 वर ठेवा, फ्लॅशची ताकद बरीच कमी करा. चेहरा नैसर्गिक येतो आणि पणत्या सोनेरी राहतात. लग्नाच्या हॉलमध्ये हॅलोजनखालीही हीच युक्ती. सीटीओचा तुकडा पाकिटात मावतो आणि लेन्सवरच्या कुठल्याही रंगीत काचेपेक्षा जास्त वेळा बाहेर निघतो.

कृष्णधवलवाल्यांसाठी दोन शब्द. पिवळा फिल्टर आकाश थोडं गडद करतो, नारिंगी आणखी, लाल 25 तर जवळजवळ काळं करतो आणि 3 स्टॉप घेतो. कृष्णधवल फिल्मवर ते जरूर वापरा. डिजिटलवर लाल काच लावली तर सेन्सरच्या पिक्सेलपैकी फक्त लाल, म्हणजे एक चतुर्थांश, खऱ्या अर्थाने काम करतात आणि फोटो दाणेदार होतो. रंगीत फोटो काढा, रूपांतर करताना निळा खाली आणा, परिणाम तोच. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली भारतातला पहिला पूर्ण लांबीचा मूकपट पडद्यावर आणला तेव्हाच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. कुंकू काळं आणि निळं आकाश कोरं पांढरं. लाल फिल्टर लावला असता तर त्या फिल्मवर काहीच उमटलं नसतं.

इफेक्टचे फिल्टर

स्टार फिल्टरच्या काचेवर बारीक रेघा कोरलेल्या असतात. प्रत्येक दिव्याला चार, सहा किंवा आठ किरण फुटतात. पहिल्या दिवशी मजा येते, दुसऱ्या दिवशी सगळे फोटो एका वरातीतले वाटू लागतात. फिल्टरशिवायही तारा मिळतो: ॲपर्चर एफ 16 करा. ॲपर्चरची पाती सम असतील तर तितकेच किरण, विषम असतील तर दुप्पट. सात पात्यांना चौदा.

डिफ्यूजन किंवा मिस्ट फिल्टर दिव्यांभोवती मऊ वलय आणतो आणि त्वचा सौम्य करतो. 1/8 किंवा 1/4 ताकदीचा घ्या, त्यापुढचं जड होतं. आवडेल की नाही याची खात्री नसेल तर जुन्या यूव्हीच्या कडेला बोटाने किंचित व्हॅसलीन फिरवून बघा, मध्य स्वच्छ ठेवून. लेन्सच्या काचेला कधीही नाही. डिसेंबरच्या पहाटे निफाडकडे निघालात तर बऱ्याचदा धुकं फुकट मिळतं, ते वेगळं.

क्लोज-अप फिल्टर ही खरं तर भिंगं आहेत. अधिक 4 चं भिंग लावून लेन्स अनंतावर ठेवली तर 25 सेंटिमीटरवरची वस्तू स्पष्ट येते. पैठणीच्या पदरावरच्या मोराची एकेक तार दिसण्यासाठी मॅक्रो लेन्सच्या तुलनेत हा अगदी थोडक्यात होणारा उपाय आहे. कडा थोड्या मऊ येतात, ॲपर्चर एफ 8 च्या पुढे ठेवा.

अर्धा गडद, अर्धा पारदर्शक असा ग्रॅज्युएटेड फिल्टर समुद्रकिनाऱ्यावर शोभतो. आपल्याकडे क्षितिज सरळ नसतं. ब्रह्मगिरीचा डोंगर मध्ये येतो आणि त्याचं डोकं काळं पडतं. दोन वेगळ्या एक्सपोजरचे फोटो काढून जोडणं बरं.

सूर्यग्रहणासाठी एनडी चालत नाही

2 ऑगस्ट 2027 ला नाशिकमधून खंडग्रास सूर्यग्रहण आहे आणि सिंहस्थातलं पहिलं अमृतस्नानही त्याच दिवशी असल्याचं जाहीर झालं आहे, म्हणजे कॅमेरे भरपूर बाहेर पडणार. एनडी 1000 हजारावा हिस्सा प्रकाश आत सोडतो; सूर्यासाठीचा फिल्टर लाखावा, आणि तो अवरक्त किरणही अडवतो. एनडी लावून डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून सूर्य बघितला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. सोलर फिल्टर लेन्सच्या पुढेच बसवा, आधी उजेडाकडे धरून टाचणीएवढं छिद्र नाही ना ते तपासा, आणि चित्र स्क्रीनवरच बघा. ऑगस्टमधले ढग कृपा करतील की नाही, ते त्यांनाच ठाऊक.

अडकलेला फिल्टर आणि बुरशी

फिल्टर साफ करताना आधी हवेच्या पंपाने धूळ उडवा, मग मायक्रोफायबर फडकं. शर्टाच्या टोकाने नाही. धुळीचा कण काचेवर रेघ ओढतो. पावसाळ्यात फिल्टर आणि लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि यूव्ही महिनोन्‌महिने लेन्सवरच ठेवू नका. दोन काचांमध्ये दमट हवा अडकली की बुरशी धरते.

फिल्टर अडकला तर दाबून पिळू नका. जोराने धरलं की कडी लंबगोल होते आणि आटे आणखी आवळतात. रुंद रबरबँड कडीभोवती गुंडाळा, किंवा जुन्या रबरी चपलेचा सपाट तळ फिल्टरवर हलकेच टेकवा आणि दाब न देता फिरवा. बहुतेक वेळा सुटतो. नाहीच सुटला तर पक्कड हातात घेण्याआधी दुरुस्तीवाल्याकडे जा. त्याच्याकडे कडी सगळीकडून सारखी धरणारी हत्यारं असतात.